एरंडोलच्या अलीकडे मोडलेला दांडा

प्रवासाहून परतलेली माणसं लगेच लिहायला बसतात आणि पहिल्याच पानावर डोंगरांना धुक्याच्या शाली पांघरतात, याचा मला फार वर्षांपासून राग आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझ्याकडे शाली नाहीत. आमच्या प्रवासात धुकंही नव्हतं. डोक्यावर खानदेशातलं वैशाखाचं ऊन होतं, बुडाखाली एक हिरवा ट्रक होता आणि शेजारी आमचे हे होते.

आमचे हे म्हणजे यशवंतराव. निवृत्त झाल्यावर शहाणी माणसं गच्चीत टोमॅटो लावतात, नाहीतर सकाळी बागेत जाऊन हात वर करून हसतात. यशवंतरावांनी लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला. कपाट घेतानासुद्धा दुकानात माझ्या तोंडाकडे बघणाऱ्या या माणसानं ट्रक मात्र मला न विचारता घेतला. तो सोसायटीच्या फाटकातून आत येईना म्हणून बाहेर चिंचेखाली उभा राहिला. साध्या गाडीत इंजिन दोनच चाकं फिरवतं, याची चारी फिरवतं, त्यामुळे हा कुठल्याही डोंगरावर चढतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नाशिकच्या आमच्या घरापासून भाजीबाजारापर्यंत एकही डोंगर नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

दोन महिने खपून त्यांनी मागच्या हौद्यात एक पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. मग एक दिवस म्हणाले, सातपुड्यात जाऊन येतो. मी म्हटलं, मीही येते. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नाहीत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मी फक्त अट घातली. घरी परत येईपर्यंत ट्रक कुठेही मोडून पडला, तर तो विकायचा आणि पुन्हा नाव काढायचं नाही. ते बरं म्हणाले. ट्रक मोडणार याची मला खात्री होती. तेवढ्यासाठीच मी निघाले होते म्हटलं तरी चालेल.

पहिला दिवस: धुळे

चांदवडच्या पुढे घाट लागला. यशवंतरावांच्या पायाशी गिअरच्या दांडीशेजारी तांबड्या मुठीची एक छोटी लिव्हर होती. ती ओढली की पुढची चाकंही इंजिनाला जोडली जातात, हे ज्ञान मला दोन महिने जेवताना मिळालेलं होतं. मी म्हटलं, चारी चाकांची गाडी घेतलीत ना, मग लावा चारी चाकं. ते म्हणाले, डांबरी रस्त्यावर लावायची नसतात, चिखलात लावायची. म्हणजे आपण घरदार सोडून चिखल शोधत फिरायचं का, असं मी विचारलं, आणि घाट संपेपर्यंत तो विषय सोडला नाही. माझ्या हातात आलेला विषय सहसा सुटत नाही. शेवटी त्यांनी लिव्हर ओढली. घाट संपल्यावर ती परत ढकलायला लागले तेव्हा मी म्हटलं, राहू द्या तशीच, आता कशी घट्ट चालतेय. ती तशीच राहिली.

पुढे प्रत्येक वळणावर टायर कुरकुरत होते आणि स्टिअरिंग फिरवताना त्यांच्या कपाळावर घाम येत होता. तो मी वयाच्या खात्यात टाकला आणि तसं त्यांना सांगितलंही.

धुळ्याचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. गणिताच्या शिक्षिकेला आवडावं असं त्या गावात मला तेवढंच सापडलं. लॉजमधला पंखा गरम हवा एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे पोचवण्याचं काम करत होता. जेवायला शेवभाजी. वर बोटभर तांबडं तेल आणि त्याखाली शेव. आमच्याकडे शेव चिवड्यात घालतात, तिला असं रश्श्यात बुडवून मारत नाहीत. यशवंतरावांनी दोन वाट्या खाल्ल्या. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं. मी दही मागवलं.

सकाळी गाडी निघताना खालून खट्ट असा आवाज आला. हमरस्त्याला एक मेकॅनिक सापडला. तो दहा मिनिटं गाडीखाली झोपला, बहुधा खरोखरच झोपला असावा, आणि बाहेर येऊन म्हणाला, जोडाला ग्रीस नव्हतं, आता आहे. "आते काश्मीरलोंग जा, काही व्हत नही." काश्मीर लांब राहिलं, आम्ही एरंडोललाही धड पोचलो नाही.

दुसरा दिवस: एरंडोलच्या अलीकडे

पारोळा मागे टाकल्यावर गाडीच्या पोटात कुणी घण घालावा तसा आवाज झाला. यशवंतराव खाली उतरून चाकांमध्ये गेले आणि काळे हात घेऊन बाहेर आले. त्यांनी सांगितलं ते असं: गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो आणि एक मागच्या. मागचा मोडला होता. लिव्हर ओढलेलीच असल्यामुळे पुढची चाकं अजून ओढत होती, तेव्हा आपण पुढच्या दोन चाकांवर रांगत गाव गाठू.

मी त्यांना अटीची आठवण करून दिली नाही. नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं ते जास्त झोंबलं.

गावाच्या अलीकडे एक बाई रस्त्याच्या कडेला डांगरांचा ढीग मांडून बसली होती. खरबुजाला तिकडे डांगर म्हणतात. दोन दिवसांवर आखाजी आली होती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आणि त्या सणाला घरोघर डांगर लागतं. मला पाणी हवं होतं म्हणून यशवंतरावांनी ढिगाच्या जरा पुढे, चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि उतरले. हँडब्रेक त्याच मोडलेल्या दांड्यावर असतो, हे ज्ञान त्यांच्या दोन महिन्यांच्या अभ्यासात आलं नव्हतं. ट्रक सावकाश मागे आला आणि ढिगावर चढून थांबला.

त्या बाईच्या जागी मी असते तर एरंडोल तालुका गोळा केला असता. तिनं आधी आपला पाण्याचा तांब्या बाजूला घेतला, मग स्वतः सरकली आणि मग एक धोंडा उचलून चाकाखाली ठेवला. धोंडा आधी लावायचा असतो, एवढंच ती म्हणाली. फुटलेली डांगरं आम्ही विकत घेतली. गाडी कुणाकडे न्यायची हेही तिनंच सांगितलं. धरणगाव रस्त्यावर हिलाल नाना आहेत, कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करतात, दांडा असेल तर त्यांच्याचकडे जा.

हिलाल नाना पासष्टीचे, उंच, डोक्याला टोपी आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या शेडमध्ये लोखंड कातायचा एक लेथ होता, जो त्यांच्या वडिलांनी जुना म्हणून घेतला होता. हा इसम आपला ट्रक दुरुस्त करणार हे बघून मला फार बरं वाटलं, कारण तो दुरुस्त होणार नाही याची खात्री पटली. नानांनी चहा मागवला, गाडीखाली गेले, आणि ऊन उतरेपर्यंत साखळीनं ती पेटी खाली उतरवून उघडली. मोडका दांडा फडक्यात पुसून त्यांनी उजेडात धरला.

त्याच्या टोकाला लांबीभर दाते होते. ते सरळ असायला हवेत हे मलाही कळत होतं. ते सगळे तिरपे झाले होते, धुणं पिळल्यावर त्याला पीळ बसतो तसे.

"हाऊ झटकामां तुटना नही," नाना म्हणाले. "पिळाई पिळाईसन तुटना शे. डांबरवर चारी चाकं जोडीसन गाडी कोन चालाडी?"

मग त्यांनी खडूनं फरशीवर दोन वळणं काढून दाखवली. वळताना पुढच्या चाकांची वाट लांब पडते, मागच्यांची आखूड. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि तो फरक भरून निघतो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग फरक दांड्यात साठतो. एका वळणाचा थोडा, दुसऱ्या वळणाचा थोडा. मी नववीला वर्तुळाचा परीघ बत्तीस वर्षं शिकवला. नानांचा खडू उचलला जायच्या आत मला सगळं समजलं होतं.

"मीच चालवली तशी," यशवंतराव म्हणाले.

शिकलेल्या माणसानं असं करावं का, म्हणून नानांनी त्यांना पाच मिनिटं चांगलं फैलावर घेतलं. यशवंतरावांनी मान खाली घालून ऐकलं. त्या मानेची मला सवय आहे, पण आजवर ती फक्त माझ्यासमोरच खाली गेलेली पाहिली होती. मी तिथेच बाकावर बसले होते. वर्गात मी मुलींना सांगत असे, ज्यांनी केलं असेल त्यांनी उभं राहावं. मी उभी राहिले नाही. चहाचा कप हातात होता, तो संपलेला होता, तरी पीत राहिले.

संध्याकाळी नानांच्या अंगणात बाजेवर बसल्यावर यशवंतराव म्हणाले, "अट माझ्या लक्षात आहे. गाडी नीट झाली की विकू. नानांना गिऱ्हाईक बघायला सांगितलंय."

मी म्हटलं, "बरं."

तिसरा दिवस: जळगाव

एस.टी.नं जळगावला गेलो. बेअरिंग, तेल गळू नये म्हणून लागणाऱ्या सीलच्या चकत्या आणि दांड्यासाठी चांगल्या पोलादाचा गज आणायचा होता. जमलं तर तयार दांडाच. पहिल्या दुकानदारानं आम्ही नेलेला मोडका तुकडा बघून सांगितलं, वेल्डिंग मारा, पन्नास वर्षं बघायला नको. पन्नास वर्षांनी आमच्यापैकी तक्रार करायला कुणी उरणार नाही हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

दुसरे पारसभाऊ. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून दुकान. लष्करी गाडीचा दांडा मिळायचा तर पंजाबातून, आणि दहा-बारा दिवस लागतील, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ज्यातून त्यांना काही मिळणार नव्हतं तो सल्लाही दिला, की नव्या दांड्यासाठी थांबू नका, हिलाल नानांना घडवू द्या. सगळं सामान निघेपर्यंत दिवस कलला. पारसभाऊ सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यामुळे त्यांची घाई सुरू झाली होती. ती घाई आम्हाला घालवण्याची आहे असं मी धरून चालले आणि पिशवी उचलली. ती आम्हाला वेळेत जेवायला बसवण्याची निघाली. दुकानाच्या वर घर होतं. फुलके आणि बेसनाच्या गट्ट्यांची भाजी वाढत त्यांच्या पत्नी यशवंतरावांना गाडीबद्दल विचारत होत्या, आणि ते चक्क सांगत होते. मी दोनदा त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ते बोलायचे थांबले.

गज घेऊन परत आलो. नानांनी तो रात्रीच लेथवर चढवून ठेवला.

चौथा दिवस: आखाजी

सकाळी उठून बघते तो लेथवर चादर घातलेली. गज अर्धवट कातलेला, त्याच्यावरही चादर. मी नानांना म्हटलं, सण आम्हालाही कळतो, पण निदान चार तास काम करायला काय हरकत आहे. आखाजीला लेथ चालत नाही, एवढंच ते म्हणाले आणि पत्त्यांचा जोड काढून बसले. तिकडे आखाजीला पत्ते खेळतात, उघड्यावर, वडीलधाऱ्यांसकट. वर्षभर जो पत्त्याला हात लावत नाही तोही त्या दिवशी बसतो. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लोक सोनं घेतात, निदान काही हातात तरी राहतं. अशा माणसांच्या भरवशावर आपण सातपुड्यात निघालो होतो, असं मी यशवंतरावांना म्हणायला वळले, तर ते नानांशेजारी मांडी घालून पानं लावत होते.

नानांच्या घरी त्यांची थोरली बहीण आली होती. सगळे तिला अक्का म्हणत. वय सत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, पण आखाजीला बायकांनी माहेरी यायचं असतं म्हणून पुतण्या तिला गाडी करून घेऊन आला होता. पितरांसाठी नवी घागर भरून ठेवली होती, वर आंबा आणि अख्खं डांगर. आमची फुटकी डांगरं गोठ्यात गेली होती. मी आपली परकी, कोपऱ्यात पाट ओढून बसणार, तेवढ्यात अक्कानं मला हाताला धरून मधल्या पाटावर बसवलं.

"आखाजीले दारवर जी बाई उनी, ती माहेरनीच शे," ती म्हणाली.

खापराच्या पुरणपोळ्या होत्या. उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर ही पोळी भाजतात. लाटणं नाही, हातावर फिरवून फिरवून ती टॉवेलाएवढी करतात. सोबत आमरस आणि कुरडई. मी नाव ठेवायला काही मिळतंय का ते मनापासून शोधलं. रस किंचित जास्त गोड होता.

दुपारी बायका मागच्या निंबाखाली गेल्या. झोका बांधला होता. झोक्यावर बसायचं, गाणं म्हणायचं, आणि गाण्यात सासरचं जे काही पोटात असेल ते बाहेर काढायचं. नवरा, सासू, दीर, कुणालाही सूट नाही, आणि त्या दिवशी म्हटलेलं कुणी मनावर घ्यायचं नाही. अक्कानं तर पंधरा वर्षांमागे वारलेल्या नवऱ्याला असं काही धारेवर धरलं, की बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, हे आपलं मैदान आहे. इतक्या वर्षांची तयारी कुठेतरी कामी यायला हवी होती.

मला झोक्यावर बसवलं. मागून कुणीतरी झोका दिला.

"आते तू सांग," अक्का म्हणाली. "तुना मालकवर काय राग शे तुना?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. कपाट सुचेना, टोमॅटो सुचेनात, ट्रक तर मुळीच नाही. पिळलेल्या दात्यांचा तो तुकडा तेवढा डोळ्यांपुढे येत होता. तेवढ्यात शेडमधून हसण्याचा मोठा लोट आला. आवाज ओळखीचा होता म्हणून मी कान दिला. यशवंतराव काहीतरी गोष्ट सांगत होते. नोकरीतल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होते, आणि नाना आणि त्यांचे गडी खोकेपर्यंत हसत होते. चौतीस वर्षं मी या माणसाबरोबर जेवते आहे. त्यांना नक्कल करता येते हे मला माहीत नव्हतं.

"बठ्ठ्या सांगी राहिन्यात, तू का बरं गप?" सगळ्या बायकांकडे हात फिरवत अक्कानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मला चक्कर येतेय, आणि खाली उतरले. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पाणी आणायला सांगितलं.

पाचवा आणि सहावा दिवस: एरंडोल

लेथवरची चादर निघाली आणि नाना वेगळेच झाले. दुपारपर्यंत कातकाम उरकलं. मग दाते पाडायचे होते, सोळा. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. आता अंदाजपंचे काम बघायला मिळणार, या आशेनं. नानांनी सोळा भोकं पाडलेली एक जुनी पितळी चकती काढली, दांडा तिच्याबरोबर एकेक भोक फिरवायचा आणि एकेक खाच पाडायची. साडेबावीस अंश, मी मनात म्हटलं, आणि चुकेल कुठे ते बघत राहिले. सोळावी खाच पहिलीला जिथे भेटायला हवी तिथे भेटली. जुन्या जोडाचं तोंड त्यांनी त्यावर बसवून बघितलं, ते हातानं सरकलं आणि हललं नाही. मग भट्टीत लाल करून तेलात बुडवला, पुन्हा थोडा तापवून निववला. मी एवढंच म्हटलं की फार वेळ लागला. नाना म्हणाले, हो.

सहाव्या दिवशी पेटी वर चढली. यशवंतरावांनी लिव्हर पुढे ढकलली, म्हणजे फक्त मागची दोन चाकं, आणि ट्रक शेडमधून सरळ बाहेर निघाला. हँडब्रेक ओढला, तो लागला. नानांच्या चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही, पण त्यांनी टोपी काढून झटकून पुन्हा घातली.

त्याच वेळी गिऱ्हाईक आलं. चोपड्याचे एक केळीबागायतदार. पावसाळ्यात शेतातून घड बाहेर काढायला त्यांना असलीच गाडी हवी होती. भला माणूस होता. ट्रकभोवती एक फेरी मारून त्यांनी खाली वाकून नवा दांडा बघितला, नानांकडे बघितलं, आणि म्हणाले, नानांनी बनवलाय म्हणजे बघायचं काही नाही. यशवंतराव हौद्यात चढून शेगडी आणि पलंग सोडवू लागले. पान्याला बोल्ट दाद देईना. ते पुन्हा पुन्हा तोच बोल्ट फिरवत होते.

मी हौद्याखाली जाऊन उभी राहिले. नाना, ते बागायतदार आणि दारात खुर्चीवर अक्का, सगळे होते.

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं. "लिव्हर मी ओढायला लावली होती. हे नको म्हणत होते. घाटातही नको म्हणाले आणि घाट उतरल्यावरही. दांडा माझ्यामुळे मोडला, त्यामुळे अट मोडीत निघाली."

नाना फडक्यानं हात पुसत होते. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बागायतदार रस्त्याकडे बघू लागले. मला वाटलं होतं, आता यशवंतरावांचा चेहरा उजळेल. खरं सांगायचं तर माझ्या या मोठेपणाचं मला थोडं कौतुकही वाटू लागलं होतं.

ते खाली उतरले, पाना पुसला आणि माझ्याजवळ येऊन हळू बोलले, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतकं.

"अटीमुळे नाही विकत मी," ते म्हणाले. "लिव्हर कुणी ओढायला लावली ते मलाही ठाऊक होतंच की. गाडी मी एकट्यानं फिरायला घेतली होती. चार दिवस कुणी काही म्हणू नये म्हणून. तू येशील असं वाटलं नव्हतं. आता घरी जे ऐकतो तेच गाडीतही ऐकायचं, तर गाडी कशाला हवी?"

रागानं म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं. रागाला मी तयार असते. ते शेवभाजी तिखट आहे म्हणावं तसं म्हणाले.

 मग मी हौद्यात चढले, माझी पिशवी आणि पाण्याची बाटली घेतली, आणि बागायतदारांना सांगितलं की भाऊ, तुम्हाला फुकटचा हेलपाटा पडला, माफ करा, यांना सातपुड्यात जायचंय. यशवंतरावांना म्हटलं, मी एस.टी.नं घरी जाते, तुम्ही सावकाश या.

ते नको म्हणाले नाहीत. मी थोडी वाट बघितली, तरी म्हणाले नाहीत. माझी पिशवी मात्र त्यांनी हातातून घेतली आणि स्टँडपर्यंत चालत आले. अक्कानं माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं धाडायचं नसतं म्हणून ओटी भरली होती आणि कुरडयांची पुडी बांधून दिली होती. बस निघेपर्यंत यशवंतराव खिडकीखाली उभे होते. आम्ही दोघंही बोललो नाही. यावेळी न बोलण्यात माझाही वाटा होता.

नाशिक

चोपडा, सातपुडा, तिथल्या वाटा, यातलं मी काही पाहिलेलं नाही. ज्यांना त्याचं वर्णन हवं असेल त्यांनी शालीवाल्यांकडे जावं. नऊ दिवस मी घरी होते. पहिले दोन दिवस मी त्यांच्याबद्दल सगळं खरंखोटं मनात बोलून घेतलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ऐकायला कुणी नसलं की माझी वाक्यं फार आखूड होतात. फोन केला नाही. त्यांचा दोनदा आला, बरं आहे म्हणायला, आणि मी बरं म्हटलं.

दहाव्या दिवशी दुपारी ट्रक चिंचेखाली लागला. यशवंतराव दारात आले ते मान करपलेली, दाढी वाढलेली, आणि सदऱ्याची वरची दोन बटणं गायब. बटणांबद्दल माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. चांगलं होतं ते.

मी दोघांची ताटं वाढली. ते जेवायला बसले आणि बोलू लागले. एका चढावर लिव्हर ओढली तेव्हा चारी चाकं कशी लागली, वर एका पाड्यावर कुणी मोहाची फुलं सुकत घातली होती, सकाळी पलंगावर पडल्यापडल्या काय दिसायचं, कुणी काय खायला घातलं. मध्येच एका वनरक्षकाची नक्कल केली. तापी त्यांनी दोनदा चुकीच्या बाजूला वाहवली आणि एका गावाचं नाव तीन प्रकारे घेतलं. हात ताटातच वाळला, तरी बोलत होते. घड्याळात मी बघितलं, दीड तास झाला होता. तेवढ्या वेळात मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा घास घेतला.